वाचकांची पत्रं: राहुल गांधींचं २०२९ ला काय होणार?

बिहार विधानसभेचा निकाल १४ नोव्हेंबरला लागला आणि पुढच्या आठ दिवसांत आमच्याकडे आलेली पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं एकत्र केलं तर निम्म्याहून जास्त एकाच माणसाबद्दल. म्हणून २०२५ सालातलं हे सदर त्यांनाच देऊन टाकलं. नुसत्या शिव्या घातलेली पत्रं बाजूला ठेवलीत, नुसती आरती ओवाळलेली पण. उरलेल्यांची उत्तरं देतोय, पटली नाहीत तर पुढच्या अंकासाठी कळवा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, मला घोळदार उत्तर नको. २०२९ ला राहुल गांधी पंतप्रधान होणार की नाही? (एक वाचक, वाई)

गुरुजी, आजच्या घडीला मला नाही वाटत. पण लगेच पान उलटू नका, कारण 'नाही वाटत' आणि 'शक्यच नाही' यात बरंच अंतर आहे आणि ते मोजता येतं.

लोकसभेत बहुमत २७२ चं. काँग्रेसच्या जागा २०१४ ला ४४, २०१९ ला ५२ आणि २०२४ ला ९९. आता काँग्रेस एकटी २७२ वर जाईल असं त्यांचा कट्टर कार्यकर्ता पण खाजगीत म्हणणार नाही, पण तेवढं लागतच नाही ना. २००४ ला काँग्रेसच्या १४५ आल्या होत्या, भाजपच्या १३८, सात जागांचा काय तो फरक आणि त्यावर सरकार बसलं ते दहा वर्षं उठलं नाही. म्हणजे ९९ चे १४०-१५० करायचे, मित्रपक्षांनी आपापल्या राज्यात टिकून राहायचं, की खुर्ची दिसायला लागते. पन्नास जागा. ऐकायला किती सोपं वाटतं.

त्या पन्नास कुठून आणायच्या, तिथे गाडं अडतं. मी २०२४ चा निकाल घेऊन कागद-पेन्सिलने बसलो होतो (जुनी सवय, बायको हसते). मध्य प्रदेश २९, गुजरात २६, छत्तीसगड ११, दिल्ली ७, उत्तराखंड ५, हिमाचल ४. बेरीज ८२. या ८२ पैकी काँग्रेसच्या किती असतील? दोन. गुजरातेत बनासकांठा, छत्तीसगडात कोरबा, संपलं. हिमाचलात तर तेव्हा राज्यात सरकार काँग्रेसचंच होतं, तरी चारच्या चार गेल्या. दिल्ली सोडली तर इथे मधे कुणी तिसरा दांडगा पक्ष पण नाही की त्याने मतं खाल्ली म्हणावं, समोरासमोर कुस्ती आहे आणि पाठ टेकतेय.

याउलट जिथे वाढल्या तिथे बघा, यूपीत अखिलेशबरोबर १७ लढवून ६, आपल्याकडे पवार-ठाकरेंबरोबर १७ लढवून १३. राजस्थान ८ आणि हरियाणा ५ हे मात्र मुख्यतः स्वतःच्या ताकदीवर, त्याचं क्रेडिट द्यायला पाहिजे. पण एकूण चित्र असं की दुसऱ्याच्या खांद्यावर हात असला की काँग्रेस पळते, एकटी सोडली की धापा टाकते. राहुल गांधींचं भविष्य मला विचाराल तर त्या ८२ जागांत आहे, आणि तिथे बिहारनंतर कुणाचं लक्ष पण नाही.

प्रश्न: विरोधी पक्षनेता म्हणजे फक्त मानाचं पद की काही अधिकार पण असतात? आमच्या भिशीत यावरून वाद झाला. (एक ताई, नाशिक)

ताई, भिशीत असे वाद होतात हे वाचून बरं वाटलं. १९७७ चा कायदा आहे, त्याने पगार-भत्ते मिळतात, आणि दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे काही मोठ्या नेमणुकांच्या समितीत बसायला मिळतं, सीबीआयचे संचालक, लोकपाल, आणि २०२३ च्या कायद्याप्रमाणे निवडणूक आयुक्त. त्या शेवटच्या समितीत तीनच जण, पंतप्रधान, त्यांनी नेमलेला एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता. तिघांत दोघं एका बाजूचे, तेव्हा तिसऱ्याने काय करायचं तर आपलं वेगळं मत कागदावर नोंदवायचं आणि बाहेर यायचं.

सभागृहाच्या एक दशांश जागा पाहिजेत हा दंडक पहिले सभापती दादासाहेब मावळंकरांच्या काळापासूनचा, म्हणजे लोकसभेत ५५. ४४ आणि ५२ ला ते जमलं नाही म्हणून दहा वर्षं खुर्ची रिकामी, जून २०२४ ला राहुल गांधींनी भरली. आपल्या विधानसभेत आता तेच चाललंय बघा, २८८ च्या सभागृहात विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष २० वर.

प्रश्न: आतापर्यंत लोकसभेतला विरोधी पक्षनेता पुढे पंतप्रधान झाला असं किती वेळा झालंय? स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, थोडं डिटेलमध्ये सांगा. (विद्यार्थी, पुणे)

मित्रा, परीक्षेत येईल न येईल पण प्रश्न भारी आहे. नाव एकच, अटलबिहारी वाजपेयी. ते १९९६ ला विरोधी बाकावरून उठून पंतप्रधान झाले, तेरा दिवसांत परत विरोधी बाकावर आले आणि १९९८ ला पुन्हा पंतप्रधान. बाकी सगळी यादी काढ, मोरारजी, चरणसिंग, व्ही. पी. सिंग, चंद्रशेखर, नरसिंह राव, देवेगौडा, गुजराल, मोदी, यातलं कुणीही त्या खुर्चीतून आलेलं नाही. राजीव गांधी त्या खुर्चीत बसले पण ते आधी पंतप्रधान होते, उलटा प्रवास.

आणि गंमत बघ, २००४ ला सरकार पाडलं ते लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्या सोनियांनी, पंतप्रधान झाले ते राज्यसभेतले विरोधी पक्षनेते मनमोहनसिंग! २००९ ला अडवाणी विरोधी पक्षनेते पण होते आणि पंतप्रधानपदाचे जाहीर उमेदवार पण, पोस्टरवर तेच, आणि भाजप १३८ वरून ११६ वर आली.

आपल्या मातीतले दोघं त्या खुर्चीत बसून गेलेत हे आता कुणाला आठवत नाही. शरद पवार १९९८-९९ ला, बाराव्या लोकसभेत. आणि त्याआधी यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांची गोष्ट तर मला कायम चुटपुट लावते. जुलै १९७९ ला मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव कुणी मांडला, यशवंतरावांनी. सरकार गेलं. पंतप्रधान कोण झालं, चरणसिंग. यशवंतराव उपपंतप्रधान, ते पण औटघटकेचे कारण इंदिराबाईंनी पाठिंबा काढला आणि संसदेला सामोरं जायच्या आधीच ते सरकार कोसळलं. झाड हलवायचं एकाने आणि आंबे वेचायचे दुसऱ्याने, दिल्लीत हे फार जुनं आहे. राहुल गांधींनी मोदींना पाडलं तरी खुर्चीत तेच बसतील हे गृहीत धरू नकोस, आणि हे मी त्यांच्या विरोधात म्हणून लिहीत नाहीये, इतिहासच तसा आहे.

प्रश्न: एवढे चालले. कन्याकुमारी ते काश्मीर, मग मणिपूर ते मुंबई, आता बिहार. पदयात्रेने मतं मिळतात का हो? (एक काका, सोलापूर)

काका, माणसाची इमेज बदलते, हे नक्की. ७ सप्टेंबर २०२२ ला कन्याकुमारीहून निघून जानेवारीअखेर श्रीनगरला पोचेपर्यंत लोकांचं हसणं थांबलं होतं. आधी ज्याला लोक फॉरवर्ड मेसेजमधला विनोद समजायचे तो माणूस साडेचार महिने रोज चालतोय, दाढी वाढलीय, म्हाताऱ्या बायका डोक्यावरून हात फिरवतायत, एवढं बघितल्यावर टिंगल करणारा पण जरा गप्प बसतो. हे कमी नाही. पण मतपेटी (म्हणजे मशिन, आमच्या तोंडात अजून पेटीच बसलीय) हा वेगळा प्रकार.

आपल्या नांदेडचंच घ्या, कारण यात सगळी गोष्ट येते. ७ नोव्हेंबर २०२२ ला यात्रा देगलूरमधून महाराष्ट्रात शिरली, स्वागताची सगळी धुरा अशोक चव्हाणांवर. मग फेब्रुवारी २०२४ ला तेच अशोक चव्हाण भाजपमध्ये. सगळे म्हणाले नांदेड गेलं. जूनमध्ये मशिन उघडली तर काँग्रेसचे वसंतराव चव्हाण निवडून आले! म्हणजे नेता गेला तरी मतदार जागेवर होता. पुढे ऐका. वसंतराव ऑगस्टमध्ये वारले, नोव्हेंबरला पोटनिवडणूक लागली आणि ती नेमकी विधानसभेच्याच दिवशी. एकच माणूस, एकाच शाळेच्या खोलीत, एक बटण खासदारासाठी दाबतोय आणि दुसरं आमदारासाठी. खासदारकीला काँग्रेस जिंकली, फक्त १,४५७ मतांनी पण जिंकली. आणि त्याच लोकसभेखालच्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीकडे.

आता याचा अर्थ कुणी काहीही लावो. मी असा लावतो की दिल्लीसाठी राहुल गांधींच्या पक्षाला मत द्यायला लोक तयार आहेत, गावात त्या पक्षाचं काम करायला माणसं उरलेली नाहीत. यात्रा पहिल्या गोष्टीसाठी उपयोगाची आहे, दुसरीसाठी नाही. चालणारा पुढे निघून जातो हो, मागे रस्त्यावर कोण थांबलं हे बघायला पाहिजे.

प्रश्न: मतचोरीचा मुद्दा तुम्ही का टाळता? विकलं गेलंय का मासिक? (नाव न दिलेला वाचक)

विकलं गेलं असतं तर गेल्या महिन्यात कागदाचं बिल वेळेवर दिलं असतं. असो.

टाळत नाही. ७ ऑगस्टला राहुल गांधींनी बेंगळुरूच्या महादेवपुरा विधानसभा क्षेत्रातली यादी दाखवली, १ लाख २५० मतं बोगस असल्याचा आरोप केला, एकाच पत्त्यावर डझनावारी नावं, दुबार नावं वगैरे. निवडणूक आयोगाने आरोप फेटाळले आणि १७ ऑगस्टला मुख्य निवडणूक आयुक्त म्हणाले की सात दिवसांत शपथपत्र द्या नाहीतर देशाची माफी मागा. दोन्ही झालं नाही. माझं मत विचाराल तर आयोगाचं ते उत्तर मला अजिबात आवडलं नाही, यादीवर शंका घेतली तर यादी उघडून दाखवायची, शंका घेणाऱ्यालाच दम भरायचा नसतो. मतदारयादीत घोळ असतात हे तर शेंबडं पोर सांगेल, आमच्या गल्लीत वारून सहा वर्षं झालेल्या आजोबांचं नाव अजून यादीत आहे आणि त्यांच्या नातवाचं नाही. पण घोळ असणं आणि ठरवून चोरी करणं यात फरक आहे, दुसरी गोष्ट सिद्ध करायला बरंच जास्त लागतं.

निवडणुकीच्या अंगाने बघायचं तर हा मुद्दा चालला नाही, हे बिहारने दाखवलं. १७ ऑगस्टला सासारामहून यात्रा निघाली, १ सप्टेंबरला पाटण्यात संपली, तेराशे किलोमीटर, गर्दी चिक्कार. नोव्हेंबरला काँग्रेसने ६१ लढवल्या आणि जिंकल्या ६. पाच वर्षांपूर्वी ७० लढवून १९ होत्या. अख्खी महाआघाडी ३५ वर, एनडीए २०२. बरं, तिथे एसआयआरमध्ये (आयोगाने केलेली मतदारयादीची विशेष फेरतपासणी) मसुदा यादीतून ६५ लाख नावं बाहेर गेली होती, म्हणजे मुद्दा नुसता हवेतला नव्हता. तरी लोकांनी त्यावर मत दिलं नाही. कारण सोपं आहे, 'तुझं मत चोरलं जातंय' असं सांगितल्यावर माणूस विचारतो की मग मी मत देऊन उपयोग काय, आणि त्याला पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही.

यावरून एक प्रसंग सांगतो. मागच्या लोकसभेला आमच्या मावशीच्या गावी शाळेतल्या बूथवर माझा भाचा एका अपक्षाचा एजंट म्हणून बसला होता, मी त्याला सोडायला गेलो होतो. मतदान सातला, त्याआधी दीड तास मॉक पोल असतो, एजंटांच्या समोर किमान ५० खोटी मतं टाकून मोजतात, मशिन पुन्हा शून्यावर आणतात आणि सील करतात. साडेपाचला तिथे कोण होतं, कर्मचारी, माझा भाचा आणि एका मोठ्या पक्षाचा एजंट. दुसऱ्या मोठ्या पक्षाचा एजंट (नाव सांगत नाही, उगाच भांडणं) आला साडेनऊला, हातात यादी नाही, पेन भाच्याचंच घेतलं. दुपारी जेवायला जातो म्हणून गेला तो गेलाच. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतो, त्यात त्या मशिनमध्ये एकूण किती मतं पडली तो आकडा असतो, मशिनचा नंबर असतो, आणि त्याची सही केलेली कॉपी प्रत्येक एजंटला द्यायची असते. केंद्राध्यक्ष मास्तर बिचारे तो कागद हातात धरून दारात उभे, 'अरे त्यांचा माणूस कुठाय, सही राहिलीय त्याची'. शिपाई जाऊन चावडीपर्यंत बघून आला. माणूस नाही.

आता मला सांगा, मोजणीच्या दिवशी टेबलावर मशिन उघडल्यावर आकडा कशाशी ताडून बघणार? हा एक कागद ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलता येतं. दिल्लीत पत्रकार परिषदेत मोठ्या पडद्यावर पुरावे दाखवणं ठीक आहे, पण त्याआधी गावोगावी हा कागद खिशात घालून घरी जाणारा माणूस लागतो, आणि देशात बूथ किती, दहा लाखांच्या वर.

प्रश्न: आम्हाला १५०० येतात. समोरचे ३००० देणार म्हणाले होते तरी आम्ही १५०० वाल्यांनाच मत दिलं. आम्ही चुकलो का? (एक लाडकी बहीण, लातूर जिल्हा)

ताई, चुकला वगैरे काही नाही, तुमचा हिशोब पक्का आहे. हातातले १५०० आणि जाहीरनाम्यातले ३००० यात कोणीही शहाणी बाई हातातलेच धरणार. लोकसभेला महाविकास आघाडीच्या ३० आणि काँग्रेसच्या १३ आल्या होत्या, पावणेसहा महिन्यांत विधानसभेला काँग्रेस १६ आमदारांवर आली. मधल्या काळात बदललं काय काय याची यादी मोठी होईल पण त्यात तुमचे १५०० वरच्या नंबरला आहेत. बिहारात तेच, महिलांच्या खात्यात १० हजार आधी पडले, मतदान नंतर.

विरोधी पक्षाची इथे खरी पंचाईत आहे, तो देणार म्हणू शकतो, देऊ शकत नाही. राहुल गांधींनी २०२४ ला गरीब घरातल्या एका बाईला वर्षाला एक लाख असं जाहीर केलं होतं, आकडा मोठा होता पण लोकांना खरा वाटला नाही. कर्नाटकात काँग्रेसचं सरकार महिन्याला २००० देतं, ते खरं आहे, पण लातूरच्या बाईला कर्नाटकातली पासबुकं कोण दाखवणार? सीमेपलीकडचं बिदर तुमच्यापासून किती लांब आहे सांगा.

प्रश्न: इंडिया आघाडी उरलीय का? आणि उरली असेल तर राहुलना नेता मानतील का सगळे? (एक वाचक, ठाणे)

कागदावर आहे. ज्या नितीशकुमारांनी २३ जून २०२३ ला पाटण्यात पहिली बैठक भरवली ते सात महिन्यांत पलीकडे गेले, आप जुलै २०२५ ला बाहेर पडली. २०२४ ला आघाडीच्या २३४ आल्या त्यात सपा ३७, तृणमूल २९, द्रमुक २२. स्टालिन मानतील, अखिलेश हिशोब बघून मानतील, ममतादीदी मानतील असं वाटत नाही. मुंबई महापालिकेला काँग्रेसने २०२५ ला स्वबळाची भाषा केली, ठाकरे बंधू जुलैत वरळीला एका स्टेजवर आले, म्हणजे आपल्याकडची पण घडी विस्कटलेलीच. यावर जास्त लिहीत नाही कारण आघाड्या निवडणुकीच्या सहा महिने आधी होतात, आत्ता ही चर्चा म्हणजे पाऊस पडायच्या आधी छत्रीवरून भांडण.

प्रश्न: मतदारसंघांची फेररचना झाली तर राहुल गांधींना फायदा की तोटा? (एक वकील, कोल्हापूर)

वकीलसाहेब, हा प्रश्न एकट्या तुम्हीच विचारलात आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरलीय. जागांची राज्यवार वाटणी अजून १९७१ च्या लोकसंख्येवर गोठलेली आहे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. महिलांचं ३३ टक्के आरक्षण पण जनगणना आणि फेररचनेलाच बांधलेलं. हे सगळं २०२९ च्या आधी उरकेल का यावर दिल्लीत पैजा लागतायत.

काँग्रेसच्या ९९ मधल्या केरळ १४, तामिळनाडू ९, कर्नाटक ९, तेलंगणा ८ मोजा, चाळीस झाल्या. म्हणजे पाचात दोन जागा दक्षिणेतल्या चार राज्यांच्या. लोकसंख्येप्रमाणे नवी वाटणी झाली तर दक्षिणेचा वाटा कमी होणार आणि यूपी, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थानचा वाढणार. पहिल्या उत्तरातल्या ८२ जागा आठवा, त्यातल्या मध्य प्रदेशासारख्या राज्यात जागा वाढल्या तर रिकाम्या घागरीत अजून रिकामी जागा. २०२९ जुन्याच वाटणीवर झाली तर त्यांच्या दृष्टीने बरं, एवढं म्हणतो. महिला आरक्षण लागू झालं तर मात्र सगळ्याच पक्षांच्या दादा लोकांची झोप उडणार आहे, ते बघायला मजा येईल.

प्रश्न: मोदींचं वय बघता २०२९ ला समोर कोणी वेगळाच असला तर? (एक वाचक, अकोला)

मोदींचा जन्म १७ सप्टेंबर १९५०, म्हणजे त्या निवडणुकीला ७८. राहुल गांधी त्या जूनमध्ये ५९ पूर्ण करतील, 'युवा नेता' म्हणायचं आता तरी बंद करा रे कुणीतरी. समोरचा चेहरा बदलला तर काही मतं नक्की हलतील, कारण भाजपची बरीच मतं पक्षाला नाहीत, मोदींना आहेत. पण दुसऱ्याच्या निवृत्तीवर आपलं घर बांधणं हा प्लॅन नव्हे. आणि २०२४ ला चेहरा तोच होता, भाजपची मतं टक्क्याने सुद्धा घटली नव्हती, ३७.४ ची ३६.६ झाली, तरी जागा ३०३ वरून २४० वर आल्या. जागा कुठे आणि कशा पडल्या ते बघायचं, टीव्हीवर चेहऱ्यांची पट्टी फिरते ती कमी बघायची. हरियाणात त्याच वर्षी विधानसभेला उलटं झालं, दोघांच्या मतांत एक टक्क्याचा पण फरक नाही आणि भाजप ४८, काँग्रेस ३७.

प्रश्न: मी बावीस वर्षांचा आहे. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, पण वरवर बडबड करण्यापेक्षा पुढच्या निवडणुकीत बूथवर एजंट म्हणून बसावं असं मनात आहे. काय लागतं? (एक वाचक, बीड जिल्हा)

अरे वा. पक्ष मी पण विचारत नाही. उमेदवाराकडून किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीकडून फॉर्म १० वर सही घ्यायची, तो केंद्राध्यक्षासमोर द्यायचा. मतदार ओळखपत्र जवळ ठेव. शक्यतो आपल्याच बूथवर बस, चेहरे ओळखीचे असतात. मोबाईल आत चालत नाही, तो घरी ठेव नाहीतर उगाच वाद. बूथची मतदारयादी आदल्या रात्री घरोघर फिरून एकदा ताडून घे, कोण वारलं, कोण पुण्या-मुंबईला आहे, कुणाचं लग्न होऊन गेलं, पेन्सिलने खुणा कर. मॉक पोलला वेळेआधी हजर रहा, मशिनला सील लागताना नंबर लिहून घे. दोन पेनं ने, एक कुणीतरी मागणारच.

जेवायला बाहेर जायचं असेल तर आधी बदलीचा माणूस आत बसव. आणि संध्याकाळी कितीही उशीर होवो, गावातली जीप निघून जावो, १७-सी ची सही केलेली कॉपी हातात पडल्याशिवाय शाळेच्या बाहेर पडायचं नाही. डबा राहिला तरी चालेल, तो दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून आणता येतो.